कुकाताईने सांगितलेली दांडी

तेओसेलो
९ फेब्रुवारी १९९८

ती. कुकाताईस चेंचोचा शि. सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? मठाच्या गार फरशीवर त्यांचं काय होत असेल या विचाराने मला झोप लागत नाही. पण खरी काळजी दुसरीच. माझ्या एर्लिंदाचा आजार कण्यात उतरला आहे. मार्च लागला की ईस्टरपर्यंत रोज तिला हलापाच्या इस्पितळात किरणांचा शेक द्यायला न्यायचं. तो पुरा झाला तर ती स्वतःच्या पायांनी चुलीपर्यंत जाईल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मध्ये खंड मात्र पडता कामा नये.

आमची त्सुरू मोटार म्हातारी झाली. वळणावर अशी कलते की एर्लिंदा दार धरून ओरडते. आणि ते गतिरोधक! रस्त्यावर सिमेंटची आडवी बुटकी भिंत समज. प्रत्येक गावाने आपापला बांधलाय, कुठे कुठे डुकराच्या पाठीएवढा. नाबोर मेकॅनिक म्हणतो, आखूड कडक स्प्रिंगा घाल म्हाताऱ्या, गोचिडासारखी रस्त्याला चिकटेल. पण मग पोट घासेल, आणि एर्लिंदाची हाडं खिळखिळी होतील. नाहीतर म्हणतो, स्प्रिंगांत रबर कोंबून मोटार उंच करू. मग ती आणखी कलेल. मी चाचरलो तर म्हणाला की आजोबा, शर्यतीला जायचंय की वरातीला ते आधी ठरवा.

बाबांच्या मोटारींच्या कमानपाट्यांच्या दुकानात भट्टीशी तूच असायचीस, मी नुसता भाता ओढायचो. तू सांगशील ते बसवीन. राखेच्या बुधवारच्या आत लिही. एकदा तुमचा उपवासकाळ लागला की ना पत्र आत ना बाहेर, आणि ईस्टरपर्यंत मला वेड लागेल.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा
चेंचो


पुएब्ला
२४ फेब्रुवारी १९९८

चि. चेंचोस कुकाताईचे अनेक आशीर्वाद.

उद्या राखेचा बुधवार. पत्रं नेणारी सिस्टर दाराशी उभी आहे, म्हणून घाईत लिहिते. तू भाता ओढायचास हे साफ खोटं. भात्यापाशी बसून ठिणग्यांना भिऊन रडायचास.

एर्लिंदासाठी आम्ही सगळ्या प्रार्थना करतो आहोत. आता नीट वाच. स्प्रिंगा आहेत त्याच मऊ राहू देत. शॉकअप नवे घाल. आणि पुढच्या दोन चाकांना जोडणारी आडवी दांडी असते, ती काढून जाड बसव. बाबांनी बसगाड्यांना अशा किती बसवल्या! बैलांच्या जोखडासारखं तिचं काम. एक बाजू खाली बसायला लागली की दुसरी तिला सोडत नाही, म्हणून वळणावर मोटार कलत नाही. दोन्ही चाकं बरोबर उचलली गेली तर मात्र ती नुसती फिरते, आड येत नाही. तेव्हा गतिरोधकाची चिंता करू नकोस.

नाबोरला म्हणावं, वरातच आहे, नवरी जपून न्यायची आहे.

देव तुम्हा दोघांच्या पाठीशी असो, आणि माझी आठवण भांडणापुरती तरी राहू दे.

तुझी
कुका


हलापा
२७ मार्च १९९८

ती. कुकाताईस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ईस्टरपर्यंत मठाच्या पोतडीत पडून राहणार हे ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला लिहू?

तुझी दांडी बसवली. पहिल्या दिवशी वळणावर एर्लिंदाने दार सोडलं आणि मांडीवर संत्रं सोललं. मला म्हणाली की माझी नणंद नन झाली नसती तर मंत्री झाली असती. पण ताई, गतिरोधक पूर्वीहून जास्त लागायला लागले. मी किती जपायचो! अगदी थांबत आणायचो, मोटार तिरकी करायचो, एकेक चाक हलकेच चढवायचो, इथे सगळेच चढवतात तसं. तरी आतून कुणी मानगूट धरून हलवल्यासारखा हिसका बसायचा. नाबोर म्हणाला, आणखी तिरकी घ्या. मी आणखी तिरकी घेतली.

मंगळवारी कोआतेपेकच्या अलीकडच्या गतिरोधकावर ती ओरडली नाही. नुसता लहानसा आवाज आला, ओली काडी मोडावी तसा, आणि मग ती म्हणाली की माझे पाय कुठे आहेत ते बघ. कण्याचं हाड खचलं. शेक थांबवला. इस्पितळात ठेवली आहे. डॉक्टरीणबाई समजावतात की असं हाड शिंकेनेही मोडलं असतं. पण शिंक आली नव्हती ताई, गतिरोधक आला होता.

कुठे चुकलो ते कळत नाही. तुझा लोभ असेल तर मला तेवढं सांग.

चेंचो


पुएब्ला
ईस्टरचा रविवार, १२ एप्रिल १९९८

चि. चेंचोस अनेक आशीर्वाद, आणि एर्लिंदाला एक गोड पापा.

पहाटेपासून घंटा चालू आहेत आणि स्वयंपाकघरात चॉकलेट उकळतंय. पत्रांची पोतडी मदर संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर उघडणार. पण मला दम नाही. एव्हाना शेक संपला असेल. एर्लिंदा चुलीपर्यंत गेली का? पहिल्या दिवशी काय केलं तिने? मला सगळं हवं आहे.

एक सांगायचं राहिलं. मी मठात आले तेव्हा रस्त्यावर हे गतिरोधक नव्हतेच. लोक ते तिरके ओलांडतात हे मला उपवासकाळात एका नवशिक्या सिस्टरने सांगितलं. आता जाड दांडी आहे, तर तसं कधी करू नकोस. सरळ जा, दोन्ही चाकं एकदम. एक वर, एक खाली झालं की दांडी तो सगळा पीळ मोटारीच्या अंगात घालते. तेव्हाच दोन ओळी लिहायची परवानगी मागणार होते. पण मोटारीच्या दांडीसाठी नियम मोडायचा म्हटलं तर सगळ्या हसतील, म्हणून गप्प बसले. तुला उमगलं असेलच म्हणा. एवढा काही बावळट नाहीस.

लोभ वाढता ठेव. आता उपवास संपला.

तुझी
कुका


तेओसेलो
२३ एप्रिल १९९८

ती. कुकाताईस शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. हाताला आधी रात्रीचं लागलं, पोतडी उघडल्यावर लिहिलेलं, ज्यात तू पुन्हा पुन्हा क्षमा मागितली आहेस. कशाची ते कळेना. मग सकाळचं वाचलं.

क्षमा कुणी कुणाला करायची? तुला रस्ता ठाऊक नव्हता, मला दांडी. आता जेवणार नाही असं लिहितेस, ते बंद कर. तू आजारी पडलीस तर ती काळजी करायला माझ्यात जागा उरलेली नाही.

काल इस्पितळातून सांगितलं की आता तिला घरी न्या. असं केव्हा सांगतात ते मी अडाणीसुद्धा जाणतो. पुढची खुर्ची काढून नाबोरने गादी घातली. येताना प्रत्येक गतिरोधक मी सरळ घेतला. मागचे ट्रकवाले भोंगे वाजवत होते, एकाने माझी आई काढली. मोटार हळूच वर जायची, हळूच खाली यायची, बस, तेवढंच.

कोआतेपेक मागे पडल्यावर एर्लिंदाने विचारलं की सरकारने आज गतिरोधक उखडून टाकले की काय, काहीच कसं दुखलं नाही. मी हो म्हणालो. सगळे काढले म्हणालो. तिला फार बरं वाटलं. मग म्हणाली की असं असेल तर सोमवारपासून पुन्हा शेकायला जाऊ या.

आज सकाळपासून दोनदा विचारून झालं, मोटारीत पेट्रोल आहे ना म्हणून. मी काय सांगू ते लवकर कळव.

तुझाच
चेंचो