पाचची एसटी

लातूर,
रविवार, ९ सप्टेंबर २००७

ती. गौरम्मा अक्का यांना महानंदाचा शरणार्थ.

पाकीट बघून तुम्हाला नवल वाटेल. मोठ्या जावेला पत्र लिहायची अक्कल धाकटीला चौदा वर्षांनी आली म्हणाल. म्हणा. आधी खुशाली सांगते. ह्यांचा गुडघा धरतो, पण मोंढ्यातली मुनिमकी चालू आहे. आठवडाभर औशाला असतात, रविवारी इकडं येतात. तुमच्याकडं किनवटला पाऊस दणकून झाला असं ऐकलं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचे पत्रे गळत होते म्हणे, ते झाले का नीट? शंभरावर पोरींच्या भाकरी तुम्ही अजून बडवता, हाताचं दुखणं अंगावर काढू नका.

मी अजून लातूरच्या खोलीतच आहे. हे दर रविवारी म्हणतात, "आता काय हाय इथं? चल औशाला." मी म्हणते, एवढा महिना होऊ द्या. असे दहा महिने झाले. घरमालकीण साखराबाई भली बाई आहे, तीही विचारत नाही. ह्या गल्लीत प्रत्येक घरावर एक मजला चढलाय आणि प्रत्येक मजल्यावर डॉक्टर व्हायला आलेली पोरं आहेत. त्यातल्या चौघांचे डबे मी करते. कुणी नुसतं शिंकलं तरी कपाळाला हात लावून बघते आणि त्या दिवशी क्लासला जाऊ देत नाही. त्यांच्या आया फोनवर माझ्याशी भांडतात. एक म्हणाली, "काकू, तुम्ही डबा द्या, डॉक्टरकी करू नका." बरोबरच आहे तिचं. करायची होती तेव्हा मी ती केली नाही.

ते तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल. गुरुवारी अमरेशला ताप आला. रविवारी मोठी टेस्ट होती. अमरेश म्हणाला, "आई, ही बुडली तर रँक गेली." मी तापाची गोळी दिली, डब्यात दहीभात भरला आणि पाठवलं. ढकललं नाही, पण अडवलंही नाही. मनातून मलाही टेस्ट बुडायला नको होती, हे तुम्हालाच सांगते. मंगळवारी डेंग्यू निघाला, रक्तातल्या पेशी उतरल्या, बुधवारी सोलापूरला हलवलं, शुक्रवारी पोरगं गेलं. बारावी झाली नव्हती त्याची.

तुम्ही किनवटहून रात्रभर प्रवास करून मातीला आलात. अंगणात बायका बसल्या होत्या आणि प्रत्येकीला देवाच्या मनातलं ठाऊक होतं. एक म्हणाली, देवाला चांगली माणसं लवकर लागतात. एक म्हणाली, मागच्या जन्माचं काही राहिलं असेल. स्वामी म्हणाले, लिंगैक्य झाला, शिवाचा होता, शिवात गेला. ह्यांचे मालक आले, ते म्हणाले, देव परीक्षा घेतो. मला हसू आलं, अक्का. ह्या गावात आणखी एक परीक्षा. तिचा निकाल कधी लावतात ते विचारणार होते. तुम्ही एकट्या देवाबद्दल काही बोलला नाहीत. माझ्या पाठीवर हात ठेवून बसलात, पाणी पाजलंत आणि दुपारच्या गाडीला गेलात. तेव्हापासून हे पत्र मनात आहे.

गणपती शनिवारी बसतील. मग तीस तारीख येईल. काल ह्यांनी विचारलं, "स्वामींना सांगायचं का यंदा?" सवयीनं विचारलं आणि मग स्वतःच उठून बाहेर गेले.

तीस तारखेचं तुम्हाला सांगायला नको. भूकंपात गावात एक घर असं राहिलं नाही की ज्यात मूठमाती द्यायची नव्हती, आणि मूठमाती तरी कुठं मिळाली? आपल्यात माणसाला मातीत बसवतात, हातात लिंग देऊन. थोरले भाऊजी आणि तुमची अंजू, दोघांना घराच्याच तुळयांवर जाळावं लागलं, बाकीच्यांबरोबर. त्याच तारखेला मी दर वर्षी औशाला गूळ घालून गव्हाची हुग्गी शिजवायची, स्वामींना जेवू घालायची, आल्यागेल्याला सांगायची, "देवानं वाचवलं. आदल्या दिवशीच बुद्धी दिली त्यानं, म्हणून पोराला घेऊन गावाबाहेर पडले." तुम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतात तेव्हा तुम्हालाही ताट पाठवलं. तीन वर्षं पाठवलं. तिन्ही वर्षं ते झाकलेलं तसंच परत आलं. मी म्हणाले, अक्कांना माझं पोरगं जगलेलं बघवत नाही. हे बोलले मी, चारचौघींत बोलले. तुमच्या कानावर गेलंच असेल. मग तुम्ही किनवटला निघून गेलात.

अमरेशला मी लहानपणापासून तेच सांगितलं. देवानं तुला वाचवलंय, काहीतरी कारण असेल, तू मोठा माणूस होणार. दहा वर्षांचा असताना एकदा जेवता जेवता त्यानं विचारलं, "आई, मग अंजूताईला का न्हाई वाचवलं? ती वाईट होती का?" मी म्हटलं, "गप जेव." दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. त्यानं परत कधी विचारलं नाही, पण रँक कमी आली की म्हणायचा, "आई, देवाचा नंबर चुकला बघ."

आता मुद्द्यावर येते. इतका वेळ इकडतिकडचं लिहिलं ते हे टाळायलाच.

देवानं मला बुद्धी वगैरे काही दिली नव्हती. आपलं भांडण झालं होतं, तेही एका चाळणीवरून. मी ती तुम्हाला न विचारता शेजारी दिली. तुम्ही म्हणालात, "ह्या घरात विचारायची पद्धत हाय." मी म्हणाले, "घर काय एकटीचं हाय का तुमच्या?" आणि अनंत चतुर्दशीचा स्वयंपाक तुमच्या एकटीवर टाकून, पोराला काखोटीला मारून, ह्यांच्याकडं औशाला निघाले. एवढं तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक आहे की नाही, ते मला माहीत नाही.

पारापाशी पाचची एसटी उभी होती. ड्रायव्हर चहा पीत होता. अंजू पळत आली, परकर वर खोचलेला, अनवाणी. माझा पदर धरून म्हणाली, "काकू, मला बी ने ना." नऊ वर्षांची पोर, अमरेशशिवाय करमायचं नाही तिला. मला नेता आली असती. पण तुमचा राग होता ना डोक्यात. मी म्हणाले, "आईला विचारून ये जा. तुमच्या घरात विचारायची पद्धत हाय." ती पळाली. तेवढ्यात ड्रायव्हर चढला. आपला कंडक्टर गावातलाच, दोन मिनिटं थांब म्हटलं असतं तर थांबला असता. मी काही म्हणाले नाही. खिडकीतून मागंही बघितलं नाही. म्हणून ती परत आली होती का, तयार होऊन आली होती का, ह्यातलं मला काहीही माहीत नाही.

देवानं वाचवलं, असं म्हटलं की मी सुटत होते, अक्का. मला त्यानं गाडीत बसवलं तर अंजूलाही त्यानंच पारावर ठेवलं, माझा काय संबंध? तेरा वर्षं मी त्याला हुग्गी खाऊ घातली ती काही फुकट नाही. आता अमरेश गेला. आता काय म्हणू? वाचवलं तेव्हा देवानं आणि मारलं तेव्हा डासानं, असं कसं होईल? तो चांगला असेल तर नऊ वर्षांच्या पोरीनं आणि सतरा वर्षांच्या पोरानं त्याचं काय बिघडवलं होतं? आणि ह्यात त्याचा काहीच हात नसेल, तर दोन्ही वेळा दारात मी उभी होते. एकदा नेलं नाही, एकदा अडवलं नाही. रोज पूजेला बसते, तळहातावर लिंग घेते आणि डोळे मिटवत नाहीत.

माझं एकच मागणं आहे. त्या दिवशी अंजू तुमच्याकडं आली होती का? तुम्ही हो म्हणाला होतात का? ती परत पळत आली आणि एसटी गेलेली होती, असं असेल तर तसं लिहा. शिव्या घाला, पण लिहा. मला खरं ऐकायचंय. ऐकल्याशिवाय ही खोली माझ्याच्यानं सुटणार नाही.

तुमच्या पाया पडायचा हक्क राहिला असेल तर पाया पडते.

तुमची,
महानंदा


किनवट
२१ सप्टेंबर

चि. नंदास अक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्रे बसवले. हात बरा हाय.

अंजू आली होती. मी चुलीपाशी होते. एकटीवर सगळा सैपाक पडला होता, डोकं तापलं होतं. दारातूनच म्हणली, आई, काकूसंगं जाऊ का औशाला? मी मान वर केली न्हाई. न्हाई म्हणले. काई गरज न्हाई तिच्यासंगं जायची, म्हणले. तुला म्हाईत हाय ती कशी होती. एकदा न्हाई म्हणलं की परत विचारायची न्हाई. अंगणात जाऊन चिंचोके खेळत बसली. एसटीकडं ती परत आलीच न्हाई, नंदा. तू दोन मिनिटं थांबली असतीस, न्हाईतर दोन तास, तरी आली नसती. तू तिला माझ्याकडं धाडलीस. न्हाई मी म्हणले.

का म्हणले? तुझ्यावर राग होता. दुसरं काई कारण न्हाई.

ताटाचं तू उगंच मनाला लावून घेतलंस. अमरेश जगला ह्याचं मला कधीच वाईट वाटलं न्हाई. तो दिसला की बरं वाटायचं. पण तू सांगायचीस, देवानं बुद्धी दिली. मला वाटायचं, हिला दिली, मग मला का न्हाई दिली? नुसतं हाव, जा, म्हणायचं होतं. एवढं साधं होतं. त्या दिवशी गोड घशाखाली उतरत नव्हतं.

तू विचारलंस देव असं का करतो. मला म्हाईत न्हाई. इथं आईबाप गेलेल्या पोरी येतात, त्याबी विचारतात. मी म्हणते, म्हाईत न्हाई बाई, भाकर खा, गरम हाय. मला काई कळतं म्हणून मातीच्या दिवशी गप बसले असं समजू नको. मला कुणी सांगायला आलं तर मी उठून जायची, म्हणून तुला सांगितलं न्हाई. पोराला गोळी देऊन धाडलंस, त्याचं बी तसंच. तुला म्हाईत नव्हतं. मलाबी म्हाईत नव्हतं. हे मी स्वतःला चौदा वर्षं सांगून राहिले. अजून पटलं न्हाई. तुला सांगताना मात्र खरं वाटून राहिलं.

स्वामींना सांगू नको. चूल पेटवू नको. मी एकोणतीसला नांदेडला उतरून एसटीनं लातूरला येते. वसतिगृहाच्या बाईंनी चार दिवस सुट्टी दिली. खोली सोडायची का न्हाई ते मग बघू, घाई न्हाई.

हे लिहायला लई दिवस लागले. एरवी मी बाईंकडून पत्र लिहून घेते. अक्षरं इथंच शिकले, पोरींच्या मागं बसून. पण हे कुणाला सांगून लिहून घेता आलं नसतं.

एक राहिलं. मी देवाला कधी विचारलं न्हाई, माझी पोर का नेली म्हणून. लोकाला वाटतं बाई लई शांत हाय, भक्तीची हाय. मी भ्याले होते. त्यानं उलटून विचारलं असतं, गौरम्मा, पोरगी तर आधी तुझ्याकडं आली होती.

अंजूला न्हाई म्हणलेली,
तुझी अक्का