राखलेला खडक

प्रिय चांडे,

नासोरो जगला. तू त्याला वाळूवर टाकून नाव हाकारलीस, म्हणून कळवते. वात आखूड होती, मासे मारायची सुरुंगाची बाटली हातातच फुटली. मनगटांच्या पुढे काही उरलेलं नाही. त्याची आई मक्याच्या उगालीचे घास भरवते, तो मान फिरवतो. मी बघायला गेले तेव्हा म्हणाला, "सोमोए, नमाजाला हात कसे बांधायचे तेवढं शेखना विचारून ये." आणि हसला. मला हसता आलं नाही.

खडक राखायचा म्हणून मी घरोघर हिंडत होते, तेव्हा तू दारातून ऐकायचास. पावसाळाभर कुणी उतरायचं नाही, ऑक्टोपस वाढू द्यायचे, मग सगळ्यांनी मिळून धरायचे. बायका म्हणायच्या, तोवर पोरं वारा खातील काय? तुझे दोस्त म्हणायचे, समुद्र हिच्या बापाचा का? शेवटी प्रत्येकीने आपल्या आईकडून आलेली ऑक्टोपसची बिळं सगळ्यांदेखत सांगून टाकली. आपल्याकडे बाई ती सख्ख्या जावेलाही सांगत नाही. आपल्या आईची मी सांगितली. त्यानंतर कुणी उतरलं नाही. भुकेली पोरं मारून गप्प केली, पण उतरलं नाही.

खडक उघडायच्या सकाळी आम्ही ओहोटीला काठ्या घेऊन पोचलो, तेव्हा तुमची नाव निघून गेली होती, नासोरो वाळूवर पडला होता. पोटं फुटलेले मासे तरंगत होते. निम्मे तुम्हाला वेचताही आले नव्हते. प्रवाळाचा भुगा झाला होता. आईच्या बिळात मादी अंड्यांवर बसलेली, मधोमध फाटलेली. तिचा एक पाय अजून अंडी चाचपत होता. म्हातारी मोझा मला म्हणाली, "तुझ्या भावाचेही हात जायला हवे होते." कुणी तिला गप्प केलं नाही. मीही नाही. दुपारी पुरुषांनी तुझं घर जाळलं.

आता ऐकते, तू बेटावर पुन्हा बाटल्या भरतोस, आणि येत्या अमावास्येच्या ओहोटीला येणार आहेस. पुरुष भाले परजून बसले होते. मी त्यांना सांगितलं, एका माणसाला भोसकून खडक राखला जात नाही, उद्या दुसरा येईल. ते ऐकेनात. मग बायकांनी ठरवलं. त्या दिवशी आम्ही सगळ्या खडकावर उभ्या राहणार, छातीभर पाण्यात, हातात काठीही न घेता. म्हणून लिहिते. वात पेटवण्याआधी नीट बघ. खोल पाण्याच्या बाजूला, सगळ्यांच्या पुढे मी असेन.

तुझीच बहीण,
सोमोए