माझ्या नावाचा रस्ता

१२ ऑगस्ट १९७२
ग्रामपंचायतीपुढं रंगारी बोर्ड रंगवत बसला होता. वाचलं आणि हातातली सायकलच सुटली — ‘वीर जवान हरी ज्ञानू पवार मार्ग’. अरे, हरी मी! मी जिवंत आहे! गेला तो माझा धाकटा, गुंडा — मागल्या डिसेंबरातल्या लढाईत.

१३ ऑगस्ट
भरतीच्या वेळी गुंडाचं वय भरत नव्हतं. माझा शाळेचा दाखला घेऊन गेला. इकडची किती पोरं अशी गेलीत! तीन वर्षं तो पलटणीत हरी, घरी गुंडा. आम्ही हसायचो. मेल्याची तारसुद्धा ‘हरी गेला’ अशीच आली.
सरपंच लालासाहेबांना गाठलं. म्हटलं, गुंडाचं नाव घाला. तर म्हणतात, “स्वातंत्र्याला पंचवीस वर्सं झाली, अजून ‘सायबाचा रस्ता’च म्हनायचं व्हय? नाव तर बदलायचंच. आन् पलटणीच्या कागदावर जे हाय तेच बोर्डावर. तू खरं बोललास तर म्हातारीची पेन्शन जाईल, गड्या!”
तसाच माघारी फिरलो.

१५ ऑगस्ट
झाला समारंभ. ‘हरी पवार अमर रहे!’ — सगळं गाव ओरडलं. गुंडाबरोबर कुस्ती धरलेले गडीसुद्धा! मी पुढच्या रांगेत, वीराचा भाऊ म्हणून. मामलेदारांनी नाव विचारलं. तोंडातून निघालं, “गुंडा.” काय बोललो मी हे!
आईला वाचता येत नाही. गर्दी पांगल्यावर एकटीच जाऊन बोर्डाला हार घालून आली. म्हणाली, “माज्या गुंडाचं नाव बघ कसं झळकतंय!” मी “व्हय” म्हटलं. थू माझ्या जिण्यावर!

१८ ऑगस्ट
आई रोज जाऊन बोर्ड पदरानं पुसते.

२२ ऑगस्ट
कारखान्यात वजनकाट्यावर सगळे चिडवतात — “अमर रहे आले!” पूर्वी मीही हसलो असतो. आज एकाच्या अंगावर धावून गेलो.

२५ ऑगस्ट
आई सकाळच्या एस.टी.नं एकटी सांगलीला जाऊन आली. सैनिकांच्या कचेरीत! सगळं खरं सांगून आली!
मी ओरडलोच — “आई, पेन्शन जाईल!”
“जाऊ दे. शाळंच्या पोरी जाता-येता मोठ्यानं वाचत्यात बोर्ड. मला काय कान न्हाईत? पोर तर गेलंच, आता त्याचं नाव बी घालवू व्हय?”

सोमवारी साहेब चौकशीला येणार. माझं नाव विचारतील.