पडद्याच्या कोपऱ्यातला त्रिकोण

ता. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आई बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात आणि ती त्यांच्याहून जास्त कुरकुरते. दार वाजलं की अजूनही आधी खिडकीतून बघते, मगच कडी काढते. मी तिला हसत नाही, कारण मीही तेच करते.

माझ्या नोकरीचं विचारलंस. मी ज्या सोशल नेटवर्कची जाहिरात करते त्याला एक असा मालकच नाही. गावोगावी कुणी ना कुणी आपापला सर्व्हर चालवतं, त्याला आम्ही ‘घर’ म्हणतो. कुठल्याही घरात खातं उघडा, सगळ्या घरांशी बोलता येतं. ‘इथं तुमचं लिहिलेलं कुणी पुसू शकत नाही’ हे वाक्य माझं, आणि आमच्या मोठ्या बाई त्यावर बेहद्द खूश आहेत. माणसं मात्र फिरकत नाहीत. बाई म्हणतात की जाहिरातीला कुणी भुलत नाही, खरं काम करणारी खरी माणसं दाखवा. नाहीतर आपण सगळेच घरी बसणार.

मला तूच आठवलीस. शिवताना तुझे हात इतके देखणे दिसतात की मला लहानपणी हेवा वाटायचा. त्या हातांचे फोटो देशील का? नाही म्हणालीस तर रुसणार नाही. निदान फार रुसणार नाही.

माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी
ठकी

ता. १५ जून

चि. ठकीस,
अ. आ.

रुसल्यावर तुझं नाक कसं फुगतं ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून लगेच लिहायला बसले.

इकडे पडद्यांची कामं भरपूर आहेत. कुठल्याशा हॉटेलचे जाड पडदे आलेत, मशीनखालून सरकवताना डावा हात भरून येतो. तो कुणी मोडला ते तुला सांगायला नको. मोबाईल दुरुस्त करणं हा नवऱ्याचा धंदाच, नंबरावरून माणूस कसं शोधायचं ते त्याला येतं. दोनदा मी नंबर बदलला आणि दोन्ही वेळा तो दारात येऊन उभा राहिला. म्हणून ही पत्रं, आणि तीही मालकीणबाईंच्या नावावर. दुकानात मी मागच्या जिन्यानं येते-जाते. मालकीणबाई म्हणतात की मी मांजरीसारखी वावरते. मांजर निदान उन्हात तरी बसते.

तरीही फोटो देते. मालकीणबाईंनी कॅमेऱ्यावर काढून छापून आणलेत. नुसते हात आणि कापड. माझं तोंड नको, नाव नको, दुकान नको आणि गावाचं नाव तर अजिबात नको. एवढं पाळ.

तुझा धंदा मला अर्धाच कळला. मालकच नसेल तर उद्या काही बिनसलं की भांडायला कुणाकडे जायचं, ते मात्र विचारून ठेव.

आईला माझा नमस्कार सांग. तुम्हा दोघींचा लोभ आहे म्हणून दिवस निघतात.

तुझी
ताई

ता. ९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अगं, कमाल झाली. ‘पडदेवाली’ या नावानं तुझं खातं उघडलं, फोटो टाकले आणि माणसांची रीघ लागली. कापडावरून फिरणारे नुसते हात बघायला लोक येतात, आणि मग आपल्या सुतारकामाचे, कुंभारकामाचे फोटो टाकायला तिथंच राहतात. बाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आई फुशारकीनं शेजारी सांगत होती, मी तिला कसंबसं गप्प केलं.

तू घातलेल्या सगळ्या अटी पाळल्या आहेत. तोंड नाही, नाव नाही. फोटोखाली गावाचा उल्लेख नाही. फक्त खातं तुमच्या गावच्या घरात उघडलं, कारण ‘आपल्या गावच्या घरात या’ हीच आमची मोहीम आहे. खात्याच्या नावामागे घराचं, म्हणजे गावाचंच, नाव आपोआप येतं, तिकडे कुणी बघत नाही.

एका नव्या माणसानं तर फार बारीक पाहिलं. त्यानं लिहिलं की पडद्याच्या कोपऱ्यात आतून कापडाचा त्रिकोण लावण्याची ही पद्धत दुर्मीळ आहे, त्याच्या घरी पूर्वी असेच पडदे होते. नव्या माणसाला उत्तर द्यायचंच, ही आमची रीत. मी पडदेवाली होऊन त्याचे आभार मानले.

आता तरी मला शाबासकी दे. लोभ तर तू करतेसच.

तुझी
ठकी

ता. १५ जुलै

ठके,

ते खातं काढून टाक. हे पत्र वाचून संपायच्या आधी काढ.

तो त्रिकोण आईनं मला शिकवला. पडदा कोपऱ्यात जड होतो आणि सरळ पडतो. आई आणि मी सोडून तो लावणारं कुणी मी पाहिलेलं नाही. लग्नानंतर घरचे पडदे मीच शिवले. त्याचं बाहेर काही बिनसलं की घरी येऊन तो कोपरा उलटायचा, ब्लेडनं त्रिकोण उसवायचा आणि मला पुन्हा लावायला बसवायचा. लावून झाला की पुन्हा उसवायचा. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगायची लाज वाटायची.

नावामागे कुणी बघत नाही म्हणतेस. तो बघतो.

काल दुकानात फोन आला होता. पडद्याला आतून त्रिकोण लावून देता का, असं एक पुरुष विचारत होता. मालकीणबाईंनी नाही म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुकानाचं पुढचं दार अर्धं ओढून घेतलं. मी माझं मशीन आत, ताग्यांच्या मागे सरकवून घेतलंय.

ताई

ता. २० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खातं काढलं. पण ताई, ते गेलेलं नाही.

टाकलेला प्रत्येक फोटो सगळ्या घरांत पोचतो आणि प्रत्येक घर आपली नक्कल ठेवतं. मी पुसलं की बाकीच्यांकडे पुसण्याची नुसती विनंती जाते. मानायची की नाही ते त्यांचं. मी एकेका घर चालवणाऱ्याला हात जोडून लिहिलं. बहुतेकांनी पुसलं. एका निवृत्त मास्तरांनी तर स्वतःहून विचारलं की ती बाई सुखरूप आहे ना. एकच घर उत्तर देत नाही. त्रिकोणाबद्दल लिहिणाऱ्या त्या माणसाचं खातं त्याच घरात आहे. ते घर कोण चालवतं ते कुणालाच माहीत नाही. तोच चालवत असेल, असं आता मला वाटतं.

भांडायला कुणाकडे जायचं, असं तू विचारलं होतंस. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की मालक नसणं, हेच तर आपण विकतो. मी नोकरी सोडून आले.

पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी विचारलं की कंपनीचं ऑफिस कुठं आहे. तू इथं येऊ नकोस, त्याला हे दार ठाऊक आहे. आई जेवत नाही. तुला त्रिकोण शिकवला म्हणून ती स्वतःलाच बोल लावते आणि मला एका शब्दानं बोलत नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मला क्षमा कर असं लिहायला हात धजत नाही. तू सुखरूप असल्याच्या दोन ओळी तरी लिही.

ठकी

चि. ठकीस,
अ. आ.

तारीख आणि पत्ता घालत नाही. पाकिटावरचा शिक्का वाचू नकोस, हे पत्र एका प्रवाशाच्या हाती दिलंय, तो कुठल्या तरी दूरच्या पेटीत टाकेल.

तो आला. दुपारची वेळ होती, दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी आत, तागे रचलेत त्यांच्या मागे. त्याचा आवाज ऐकला आणि हातात होती ती कात्री तशीच घट्ट धरली. फार अदबीनं बोलत होता. टांगलेले पडदे एकेक करून बघत होता, प्रत्येकाचा खालचा कोपरा उलटून. मालकीणबाईंनी माझे सगळे पडदे आदल्याच दिवशी उतरवून ठेवले होते. त्यानं दर विचारले, उद्या परत येतो म्हणाला आणि गेला. तो परत येण्याआधी मी तिथून निघाले. मालकीणबाईंनी डबा दिला आणि स्वतःची चांगली कात्री दिली.

स्वतःला फार छळू नकोस. मीच हो म्हटलं होतं, आणि तुझं कौतुक झालं ते वाचताना मलाही बरं वाटलं होतं. तुझं ते ‘कुणी पुसू शकत नाही’ वाक्य मात्र खरं निघालं.

इथं शिवणाचं काम मिळालंय. हे लोक चांगले वाटतात, पण मी अजून कुणाशी धड बोललेले नाही. आईला सांग, मी आता त्रिकोण लावत नाही. सगळे घालतात तसा साधा कोपरा घालते. पहिल्या दिवशी हात आपोआप तिकडे गेला आणि लावलेला त्रिकोण मीच उसवला.

उत्तर कुठं पाठवणार तू? तेव्हा लोभ तुझ्यापाशीच जपून ठेव. मी कधीतरी येऊन घेऊन जाईन.

तुझी
ताई