आत कोणी नाही

सोमवार, २ मार्च १९९८
केशवापूर, हुबळी

आलो एकदाचा! आईने दिलेल्या लाडवांचा संकेश्वरच्या खड्ड्यांतच चुरा झाला, तो मी धारवाड येईपर्यंत चिमटीचिमटीने संपवला. गडहिंग्लजमध्ये दोन वर्षं 'पोरगं बी.कॉम. होऊन घरातच' हे ऐकून कान किटले होते. आता बोला म्हणावं.

अंबूताईंच्या मागच्या खोलीत राहायची सोय झाली आहे. एक दार, एक खिडकी, एक लोखंडी कॉट. अंबूताई निवृत्त मास्तरीण, त्यामुळे माझी परीक्षा लगेच सुरू झाली. महिनाभरात कामापुरतं कन्नड आलंच पाहिजे म्हणाल्या. नळाचं पाणी कधी येतं असं विचारलं, तर आठ दिवसांनी येतं, तोवर तहान आवरा, म्हणाल्या. म्हातारी मिश्कील आहे, आमचं जमेल.

नोकरी दत्तात्रेयअण्णांच्या अडत दुकानात. अण्णा मूळ जतचे, तीन पिढ्यांपासून इथले. अमरगोळच्या मार्केट यार्डात त्यांचं धान्याचं गोदाम आहे, ते मी सांभाळायचं. ही वही लॅमिंग्टन रोडवर घेतली आणि पहिल्या पानावर 'प्रभंजन इनामदार, गोदाम व्यवस्थापक' असं लिहिलं. अण्णांनी असं काही पद दिलेलं नाही, पण वही माझी आहे.

गुरुवार, ५ मार्च

गोदाम म्हणजे शाळेच्या प्रार्थना-सभागृहाएवढं. सध्या नवा हरभरा येतोय. पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत, मध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट.

हमाल मला 'सायबरु' म्हणतात आणि आपापसांत काहीतरी बोलून हसतात. त्यांतला फक्कीरप्पा मात्र भला माणूस. पन्नाशीचा, खांदे पोत्याएवढेच रुंद, मराठी-कन्नड दोन्ही एकाच वाक्यात बोलतो. मला पोत्याचं तोंड बांधता येईना, तेव्हा बाकीचे बघत उभे राहिले. यानेच सुतळी हातात घेऊन गाठ शिकवली. ओढावी तेवढी आवळत जाणारी गाठ. मग सोडवायची कशी? स्वतःचं मनगट अडकवून दाखवलं. "ओढायचं न्हाई, सायेब. ढिलं सोडून हात गाठीकडंच सरकवायचा. ती आपणच सोडती."

अर्ध्या तासात मला जमलं. त्याने डब्यातली अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकवली. बायकोने, शांतव्वाने, केलेली होती. इतकी चांगली चटणी मी आजवर खाल्ली नव्हती.

मंगळवार, १० मार्च

अण्णा आठवडाभरासाठी सांगलीला गेले. शुक्रवारी गोदामाला धुरी द्यायची आहे, हरभऱ्याला भुंगा लागलाय. रंगपंचमीला यार्ड बंदच असतं, तेव्हा तो आठवडा सोयीचा. सात दिवस दारं बंद. जाताना अण्णा म्हणाले, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव, मागच्या दाराने माल जातो.

मी असताना जाऊन दाखवू दे.

शुक्रवार, १३ मार्च

जे झालं ते झालं त्या क्रमाने लिहितो, म्हणजे मलाच कळेल.

अकरा वाजता बाकीचे हमाल लिलावाच्या कट्ट्यावर होते. फक्कीरप्पा एकटाच पाठीवर हरभऱ्याचं पोतं घेऊन मागच्या दाराने निघाला होता. मी अडवलं. तो म्हणाला, अण्णांच्या बहिणीकडे लग्न आहे, लाडवांसाठी पोचवायला अण्णांनीच सांगितलंय. मला अण्णा काहीच बोलले नव्हते. मी त्याला चोर म्हणालो. तो हसला, आणि ते हसणं मला झोंबलं. खरं-खोटं होईपर्यंत बांधून ठेवतो म्हणालो, तर त्याने पोतं उतरवून आपणहून हात मागे केले.

"बांधा की. अण्णांना फोन लावा, मग सोडायला तुम्हीच येशीला."

मागच्या टोकाला, थप्पीच्या आड, लोखंडी खांबाला मी त्याला त्याच्याच गाठीने बांधलं. मग आठवलं की ही गाठ सोडवणं त्याला येतं, म्हणून कोपरांवरून दुसरा फेरा घालून आवळला. तेव्हा त्याचं हसणं थांबलं. तो ओरडायला लागला. हमाल गोळा झाले तर माझी धडगत नव्हती. त्याच्या खांद्यावरचा पंचा मी त्याच्या तोंडात कोंबला.

एसटीडी बूथवर पाऊण तास गेला, सांगली लागली नाही. खाणावळीत सावकाश जेवलो. चोर पकडला होता, ताक दोनदा मागून घेतलं.

परतलो तेव्हा साडेतीन झाले होते. धुरीवाले ठरल्या वेळेच्या आधीच आले होते. औषधाच्या गोळ्या ठेवून झाल्या होत्या, मागचं दार बंद, पुढच्या दाराच्या फटींवर खळीने कागद चिकटवणं चाललं होतं. त्यांचा मुकादम बजावत होता, लसणासारखा वास आला की थांबायचं नाही, पळायचं. त्याने माझ्यापुढे कागद धरला. 'आत कोणी नाही', खाली सही. मी विचारलं, आत नीट पाहिलंत ना? तो म्हणाला, आत जाऊन दोनदा हाक मारली, कोणी ओ दिली नाही.

भोवती सहा-सात हमाल उभे होते. आत तुमचा माणूस मी बांधून ठेवलाय, हे त्यांच्यासमोर बोलायला तोंड उघडेना. मनात म्हटलं, एवढा ताकदीचा माणूस, केव्हाच सुटून गेला असेल. मी सही केली.

निघताना आतून ठक्, ठक् असा आवाज आला. उंदीर, मुकादम म्हणाला.

शनिवार, १४ मार्च

झोप नाही. धुरीत उंदीर जगत नाहीत, हे मला पहाटे सुचलं.

सकाळी यार्डाच्या फाटकाशी शांतव्वा डबा घेऊन उभी. मालक काल घरी आले नाहीत म्हणाली. मी म्हणालो, लॉरीबरोबर गदगला पाठवलंय, चार दिवसांनी येईल. तिने मान डोलावली आणि डबा माझ्या हातात दिला, नासायला नको म्हणून. मी तो घेतला. उघडला नाही. फेकवलाही नाही.

घरी येऊन दार लावलं. सुतळीचे फास करून कॉटच्या पायाला अडकवले, पाठमोरा बसून त्यात हात घातले आणि ओढले. मग त्याने शिकवलं तसं, ढिलं सोडून, हात गाठीकडे. बावीस मिनिटांत सुटलो! मनगटं सोलली, पण सुटलो. मी सुटतो तर तो का सुटणार नाही? आनंदाने मला रडूच आलं. सुटला असणार. रागावून कुठेतरी जाऊन बसला असणार. आला की पाय धरीन.

रविवार, १५ मार्च

अंबूताईंकडे अण्णांचा फोन आला. बहिणीकडे पोतं पोचलं का? फक्कीरप्पाला सांगितलं होतं, तुला सांगायचं राहूनच गेलं.

पोचवतो म्हणालो. पुढे काय बोललो आठवत नाही. अंबूताई विचारत होत्या, घरी सगळं ठीक ना? हो म्हणालो.

तो चोर नव्हता. भाकरी देणारा माणूस तो, आणि मी त्याच्या तोंडात पंचा कोंबला. हे एवढं तरी मी कुणाला सांगायला हवं. अंबूताई समोरच बसून लसूण सोलत होत्या. त्या वासाने मला उलटी झाली.

सोमवार, १६ मार्च

शनिवारी स्वतःला फसवत होतो. परवाच्या प्रयोगात कोपरांचा फेरा नव्हता. आज तोही घातला, कॉटच्या गजात अडकवून, मागे सरकत. तोंडात टॉवेल.

नाही सुटत. कोपरं आवळली की मनगट गाठीकडे सरकतच नाही. त्याने शिकवलेली युक्ती माझ्या त्या एका फेऱ्यापुढे चालत नाही. दीड तास धडपडलो. ओरडलो तर घशातल्या घशात. शेवटी गजाच्या गंजक्या धारेवर सुतळी तुटली.

गोदामातला खांब गोल आहे. गुळगुळीत.

आता मला माहीत आहे. अजून कुणालाच सांगितलेलं नाही. सांगेन. उद्या रंगपंचमी, यार्डात कुणी नसेल. परवा सांगेन.

मंगळवार, १७ मार्च
रंगपंचमी

दिवसभर खोलीत पडून होतो. बाहेर पिपं, पिचकाऱ्या, आरडाओरडा. चारला अंबूताईंनी दार वाजवलं. तुमच्याकडचा कुणी हमाल आला होता म्हणाल्या. 'सायबरु मनीयाग अदारेनु?' असं विचारत होता. हो, आहेत घरात, म्हटलं तर तसाच गेला. तोंड काळ्या-चंदेरी रंगाने असं माखलेलं की ओळखूच येईना. रंग लावायला आला असेल, पण हात सारखे मागेच धरून होता म्हणाल्या.

सुटला! मी पायजम्यावरच धावत सुटलो. रिक्षा नाही, बस नाही. लोकांनी अंगावर रंग ओतला तरी थांबलो नाही. अमरगोळला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं.

पुढच्या दारावरचे कागद जसेच्या तसे. मागच्या दारावरचेही. कुठे चीर नाही, सुरकुती नाही.

बुधवार, १८ मार्च

खोलीत लसणाचा वास. अंबूताईंना येत नाही. डबा कालच नेऊन टाकला, तरी वास आहे.

मनगटांवर नवे वळ आहेत — काल मी स्वतःला बांधलं नव्हतं.

शांतव्वा गोदामाच्या मागच्या दाराशी बसलेली. गदगची लॉरी कालच आली, त्यांच्यात हे नव्हते म्हणाली. मी तिला विष आहे, ऊठ, म्हणून ओरडलो. ती उठली नाही. दाराला कान लावून म्हणाली, "सायेब, हितं मला त्यांच्याजवळ बसल्यासारखं वाटतंय बघा. का म्हून ते कळंना."

सांगायची वेळ तीच होती. ओठापर्यंत आलं. मी बिडी मागितली. मी बिडी ओढत नाही.

परवा दार उघडणार. तो तिथे असणार, आणि त्याच्या हातांवर माझी सुतळी. उद्या जेवणाच्या सुट्टीत मागचं दार उघडून सुतळी तेवढी कापून आणावी असं मनात आलं. आधी सुतळी आठवली, माणूस नाही. मी असा आहे. हे वाचून आईने मला घरात घेऊ नये.

नाही. उद्या अण्णा येतायत. सगळं सांगणार, मग जे व्हायचं ते होवो.

गुरुवार, १९ मार्च
दुपार

अण्णा आले. अंबूताई धारवाडला गेल्यात. निघणारच होतो — पाच मिनिटं पाठ टेकली —

जागा झालो तो जमिनीवर. हात मागे. कॉटला. मी बांधलं नाही. कोपरांवर फेरा —

एक मनगट निघालं. कातड्यासकट. कोपरं नाही. वही पाठीमागे आहे, न बघता लिहितोय —

वास. खूप वास. डोळे —

दाराबाहेर ओला ब्रश फिरतोय. वरून खाली. कागदाचा आवाज. खिडकी झाली. आता दार —

बाहेरून हाक आली. आत कोण आहे — कन्नडमधून, सावकाश. दोनदा. ओ द्यायला गेलो तर तोंडात पंचा. घामाचा वास. त्याचाच —

तो थांबला. वाट बघत होता, ओ येते का. मग पुन्हा ब्रश —

सुटायचं नाही. वेळ नाही. लिहायचं तेवढं —

ज्याच्या हाती ही वही पडेल त्याने. फक्कीरप्पाने चोरी केली नाही. अण्णांनीच सांगितलं होतं. मी बांधलं. मी तोंड बंद केलं. मला माहीत होतं आणि मी सही —

शांतव्वाला सांगा तो गदगला गेला नाही. मी खोटं बोललो. तो तिथेच आहे, ती बसली होती त्याच दाराच्या आत, डावीकडची थप्पी, तिच्या मागे, चौथ्या खांबा