पांढऱ्या टाचण्या

४ फेब्रुवारी
आज सकाळी लवकर उठून अंघोळ केली, देवाला हात जोडले आणि नव्या नोकरीवर पायीच गेलो. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला कुणी कामावर घेतलं, ही त्याचीच कृपा. प्रयोगशाळा लहान, पण लख्ख. गावोगावहून रक्ताचे नमुने येतात. ते लावून ठेवायचे आणि निकाल लागला की भिंतीवरच्या नकाशात टाचणी टोचायची. बारीक माशी चावते, तिच्यातून परजीवी रक्तात शिरतो. आधी बोटं बधिर होतात, मग माणूस. हा परजीवी जागोजागी वेगळा, म्हणून टाचण्यांचे रंग वेगळे. डोंगराकडे लाल, नदीकाठी निळा, खाणींकडे पिवळा. निरोगी माणसाची टाचणी पांढरी.

इथली रीत अशी की नव्या माणसानं आल्या दिवशी रक्त द्यायचं. पुढे वर्षभर सगळे नमुने त्याच्या रक्ताशी ताडून बघतात. यंत्रावरच्या माणसाला सगळे हसरे म्हणतात, दात सदा बाहेर म्हणून. सुई टोचताना तो म्हणाला, काका, आता सगळ्या मुलखानं तुमच्यासारखं व्हायचं! प्रयोगशाळा चालवणाऱ्या मोठ्या बाईसुद्धा हसल्या.

१९ फेब्रुवारी
रक्तातल्या जनुकांच्या पट्ट्या उमटतात. हसरेनं समजावलं. माझ्या रक्तात आहेत तेवढ्याच दिसल्या तर माणूस निरोगी. एखादी जास्त दिसली तर तो परजीवी. एखादी कमी दिसली तर नमुना खराब, फेकायचा आणि परत मागवायचा.

लवकरच क्वार्टर मिळेल. मग गावाहून ही येईल, आणि मुलगी. शाळेपायी ती मामाकडे वाढली. एका छपराखाली आम्ही तिघं कधी नांदलोच नाही.

८ मार्च
क्वार्टरमध्ये राहायला येणाऱ्यांचंही रक्त तपासतात. हिचं निरोगी निघालं. मुलीचा नमुना खराब. फोनवर म्हणाली, बाबा, जन्मात कधी नापास झाले नाही, झाले ती रक्तात! ही म्हणाली, गरम पातेल्यानं माझं बोट भाजलं ते फोड आल्यावर कळलं. लक्ष कुठे असतं तुझं, म्हटलं.

२ एप्रिल
पांढऱ्या टाचण्या पुरेनाशा झाल्या. आज एक माझ्या नखाखाली शिरली होती. हसरेनं दाखवली तेव्हा समजलं.

१७ एप्रिल
दुसऱ्या प्रयोगशाळेतून बाईंना फोन आला. आम्ही निरोगी ठरवलेली माणसं तिकडे बधिर होऊन पडली आहेत. दुखत नाही, म्हणून तक्रार करत नाहीत. जेवायचं विसरतात.

बाईंनी मला नकाशापाशी बोलावलं. आधी कुठे कुठे नोकरी केलीत, असं विचारलं. मी सांगत गेलो. धरण, गिरणी, पोलादाचा कारखाना, वसतिगृह. दर वेळी त्यांचं बोट पांढऱ्या टाचण्यांच्या झुबक्यावर टेकलं. बाकी नकाशात पांढरं जवळजवळ नाहीच.

माझ्या रक्तातली एक पट्टी माझी नाही, परजीवीची आहे.

मला काहीतरी वाटायला हवं होतं.

१८ एप्रिल
बाईंनी स्वतःचं रक्त यंत्रावर लावलं. ती पट्टी आहे. हसरेच्या रक्तातही आहे. हसरे हसतच होता — तोंड मिटायचं विसरला असावा.

हिच्या रक्तात आहे. मुलीच्या नाही. तिचा नमुना खराब नव्हताच. आमच्यात धडधाकट ती एकटी —

२० एप्रिल
मुलीला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. खरं सांगितलं असतं तर धावतच आली असती. म्हणून म्हणालो, माझ्या घरात तुला जागा नाही. रडली. शेजारी नळ वाहावा तसं मी ऐकत होतो.

हिलाही फोनवर सांगितलं, पोरीकडे जाऊ नकोस. बरं, म्हणाली. का, ते विचारलंच नाही.

२१ एप्रिल
खोलीत बारीक माश्या. हातावर बसतात, चावतात — दिसतं तेवढंच. मला चावून उद्या कुणाला —

हात जोडले. जुळले की नाही ते बघावं लागलं. देवा, तिला तरी —

२२ एप्रिल
मामाचा फोन. पोरगी निघाली आहे. बापाला जाब विचारते, म्हणाली.

तिचा आवाज ऐकला की दार उघडेन मी. बाप आहे. म्हणून आधीच सोय केली. दाराचं कुलूप आतून फिरवलं, एकुलती किल्ली खिडकीतून खाली टाकली, खिडकी लावून फटी बुजवल्या. आता मला उघडता येणार नाही. बरं वाटायला हवं.

जिन्यात पावलं. तिचीच —

बाबा, म्हणते आहे, तुमच्या खिडकीखाली किल्ली पडली होती. उठू नका, मीच उघडते —

नको म्हणायचं आहे. जीभ —