आधी शेळी, मग आई

सातारा
दि. १४ ऑगस्ट

चि. इंद्रजित यास,
अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम आहे असं रीतीप्रमाणे लिहायला हवं, पण ते खोटं होईल.

फोनवर आपण दोघं एकाच वेळी ओरडतो, मग तू फोन ठेवतोस आणि मी भिंतीशी भांडत बसते. म्हणून कागद घेतला. निदान तो मध्येच बंद पडत नाही.

काल इस्लामपूरच्या दवाखान्यात आईला बघून आले. ताप उतरलाय, पण चार पावलं चालली की धाप लागते. ह्या वयात दिवसभर गच्चीवर पावसात उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? शेजारच्या खाटेवर तुमच्याच आळीतल्या एक बाई होत्या. त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं की पुरात गावची नाव इंद्रजितनं एकट्यानं चालवली, एक माणूस मागे ठेवला नाही. आणि हसत हसत पुढे म्हणाल्या की तुझी आई गच्चीवर भिजत होती तेव्हा तिच्यासमोरून नाव गेली, त्यात दगडाबाईंची शेळी ऐटीत बसली होती. मला वाटलं, थट्टा करताहेत. आईकडे बघितलं, तर तिनं मान हलवली.

शेळी! अरे, जन्मदात्या आईआधी शेळी? फौजेत हवालदार होतास, लोकांचे जीव वाचवायचं शिकलास म्हणतोस. घरचा जीव कुठल्या खात्यात धरला होतास? आई आदल्या दिवशी सोनम आणि मुलांबरोबर निघाली नाही, म्हशी उंचावर पोचवण्यासाठी मागे राहिली, हे मलाही ठाऊक आहे. ती हट्टी आहेच. पण म्हणून तिला शेवटी ठेवायचं?

मी ठरवलंय. दवाखान्यातून सोडलं की आईला कायमची साताऱ्याला आणणार. सोनमला तिची लुगडी भरून ठेवायला सांग. मुलांना आशीर्वाद. राग आहे, तरी जेवणखाण वेळेवर करत जा.

तुझी,
ताई


मळीभाग, ता. वाळवा
दि. १९ ऑगस्ट

ती. ताईस,
इंद्रजितचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र गाळ उपसताना हातात पडलं. अजून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत चिखल आहे, त्यामुळे उत्तराला उशीर झाला. ह्याचाही राग धरशील, धर.

मागल्या पुरात काय झालं ते तू विसरलीस. तेव्हा नाव ज्यांच्या हातात होती त्यांनी आधी आपले पाहुणेरावळे काढले. जतकडून येऊन नदीच्या कडेला खोपट घालून राहिलेला धुळा बायकापोरांसह झाडावर बसून होता. पुढे ग्रामसभेत हाणामारीच व्हायची बाकी होती. तेव्हा मी उभा राहून म्हणालो की नाव मी चालवतो, पण नियम एकच. नदीकडून घरं धरायची, ज्याच्या दारात पाणी आधी, तो आधी. चेअरमन असो नाहीतर धुळा. सगळ्यांनी हात वर केले. आपलं घर वरच्या अंगाला, म्हणजे सगळ्यांत शेवटी, हे मला तेव्हाही दिसत होतं.

आता शेळीचं. दगडाबाईचा एक पाय नावेत, एक उंबऱ्यावर, आणि शेळीशिवाय ती हलेना. तिच्याशी हुज्जत घालत बसलो असतो तर मागची माणसं बुडाली असती. घेतली शेळी. त्या जागेत आई मावली असती हे कळायला मला तुझं पत्र नको होतं. पण मी नाव आपल्या दाराला लावली असती, तर मागे पाण्यात उभ्या असलेल्या माणसांनी काय समजायचं? नियम दुसऱ्यांच्या आईला आणि सूट माझ्या आईला?

आणि तू बोलावंस? दिवाळीत भरल्या ताटावर तूच सांगत होतीस की कॉलेजात नीतिशास्त्राच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर एक प्रश्न लिहितेस. नाव एक, जागा एक, इकडे आई, तिकडे परका माणूस. आपला आहे म्हणून कुणाचा जीव जड होत नाही, हे तुझेच शब्द. भाऊजी हसले, मी मात्र घास हातात धरून ऐकत होतो. आता परीक्षा मी दिली, तर नापास करायला तूच पुढे.

आई माझ्याशी बोलत नाही. दवाखान्यात गेलो की भिंतीकडे तोंड करते. लोक पाठ थोपटतात आणि घरात आई पाठ फिरवते, असलं कौतुक घेऊन काय करू? काल नाव पंचायतीत जमा केली. पुढच्या पुरात ज्याला हौस असेल त्यानं चालवावी. दुसऱ्या कुणाला ती धारेत धरता येत नाही, हे मला कुणी सांगू नये.

तू एवढी शिकलेली. मी काय करायला हवं होतं, ते एका वाक्यात लिहून पाठव. भाऊजींना नमस्कार. वेडावाकडा असलो तरी तुझाच भाऊ आहे, एवढं ध्यानात असू दे.

तुझा,
इंद्रजित


सातारा
दि. २४ ऑगस्ट

चि. इंद्रजित यास,
अनेक आशीर्वाद.

एका वाक्यात लिही म्हणालास. किती कागद फाडले ते तुझ्या भाऊजींना विचार.

परिणाम मोजणारे म्हणतील, शेळी उतरवून आई घ्यायची, ह्यात विचार कसला. कर्तव्य मानणारे म्हणतील, नियम पाळलास, शाब्बास. नात्याला धरून असणारे म्हणतील, आईला आई न समजणाऱ्याचा न्याय काय कामाचा. आणखी एक पंथ सांगतो की भला माणूस वागेल तसं वागावं. मग माझ्या डोळ्यांसमोर भला माणूस म्हणून तूच येतोस आणि मी पुन्हा चिडते. इतकी वर्षं ह्यावर पोट भरते आहे मी! आणि सख्ख्या भावाला द्यायला माझ्याकडे एक धड वाक्य नाही.

परवा वर्गात तोच प्रश्न लिहायला खडू उचलला. नाव काढली, जागा काढली, आणि ‘आई’ लिहिताना हात अडला. आजवर फळ्यावरची आई म्हणजे आपली आई, हे मनातही आलं नव्हतं. मुलांना दुसरा धडा काढायला सांगितला.

दिवाळीत बोलले ते मागे घेत नाही. माझा रागही मागे घेत नाही. दोन्ही कसं जमतं ते विचारू नकोस. नाव सोडलीस, त्यावर चांगलं केलंस म्हणवत नाही आणि वाईटही म्हणवत नाही. आईला घरी सोडल्याचं सोनमनं कळवलं. रविवारी गाडी घेऊन येते, तिला तयार ठेव. माझ्यावर रुसलास तरी चालेल, परका मात्र होऊ नकोस.

तुझी,
ताई


मळीभाग
दि. २८ ऑगस्ट

चि. संयोगिता आणि चि. इंद्रजित,
दोघांना आईचा आशीर्वाद. पत्र एकच हाय. इंद्रजितनं वाचून साताऱ्याला धाडावं. माझं अक्षर चौथीचं हाय, गोड मानून घ्या.

संयोगिताची पत्रं सोनमनं वाचून दाखवली. इंद्रजितनं काय लिवलं असंल ते त्यावरनं कळलं. लय भांडलासा. आईला आधी घ्यायचं का मागनं, ह्यावर दोघांनी डोकं फोडून घेतलं, पर आईला कुणी इचारलं न्हाई. मी काय उसाची मोळी हाय व्हय, कवा चढवायची ते तुमी ठरवायला?

शेळीला नावं ठेवू नगा. दगडाबाईला ना ल्योक ना लेक. शेळी ठेवली असती तर तीबी मागं ऱ्हायली असती. मग तिच्या जागेवर बसून मला काय सुख लागलं असतं?

संयोगिता, मी साताऱ्याला येणार न्हाई. तुझ्या घरात दोन दिस बरं वाटतं, तिसऱ्या दिशी हाताला काम न्हाई. रविवारी ये, पिठलं-भाकरी खा, गाडी रिकामी घेऊन जा. तुला माझी काळजी हाय ते कळतं गं. पर काळजी करायची म्हंजी उचलून न्यायचं न्हाई.

इंद्रजित, नाव पंचायतीतनं परत आण. नियम चांगला हाय. काल धुळाची बायको येऊन माझं पाय चेपून गेली. ह्या गावानं त्यांला आधी कवा धरलं हुतं? पाळी शेवटची तर शेवटची, त्येचा मला राग न्हाई.

मग दवाखान्यात तोंड का फिरवलं, म्हणशील. आता सांगते. नाव आपल्या घराखालनं गेली, माणसं सोडून आली, फिरून गेली. मी कठड्याला धरून उभी. दर येळी तू मान खाली घालून गेलास. वर बघितलं तर नाव आपुआप दाराकडं वळंल, ह्याचं तुला भ्या वाटलं असंल. पर मी काय हाका मारणार हुते व्हय? तू बघितलं असतंस तर मी हातानं खुणावलं असतं, जा बाबा, त्येंला आधी ने. मग माझी जागा मी दिली असती. तू ती मला इचारल्याबिगर दिऊन टाकलीस, आणि मी गच्चीवर निस्ती ऱ्हायलेली म्हातारी झाले. थंडीनं न्हाई, त्यानं काळीज कापलं माझं.

मला आधी घे म्हणत न्हवते रं. येकदा वर बघायचं हुतंस.

माया हाय तशीच हाय, तुमीबी एकमेकांवर ठेवा.

तुमची आई,
विजयमाला